दोन औषधं दिली, रक्तात दीडच पोचलं : हिपॅटायटिस सीचं एक प्रकरण

हिपॅटायटिस सीवर आज जी औषधं आहेत त्यांनी शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास रुग्ण बरे होतात. उरलेल्या पाचांपैकी एक समोर येऊन बसते, तेव्हा "औषध लागू पडलं नाही" एवढं लिहून फाईल मिटता येत नाही. ज्या बाईंचं हे प्रकरण आहे त्यांच्यावरचा पहिला उपचार आमच्याच विभागात झाला आणि फसला. दुसरा जमला. या दोहोंच्या मध्ये जे सापडलं ते सापडायला पाच मिनिटं लागली, आणि ती पाच मिनिटं आम्ही सुरुवातीलाच द्यायला हवी होती. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. बाईंची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

बाई आल्या तेव्हा

वय ५८. २०२२ च्या सुरुवातीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत "अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह" आलं, म्हणजे हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी सापडली, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं. बाईंना हे नवीन नव्हतं. २०१३ मध्ये लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसली म्हणून त्यांची तपासणी झाली होती आणि हिपॅटायटिस सी निघाला होता. दर आठवड्याला पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, असा २४ आठवड्यांचा उपचार त्यांनी नेटाने पुरा केला होता. ताप, अंगदुखी, गळणारे केस, उडालेली झोप. "ते सहा महिने आठवले तरी अंगावर काटा येतो," त्या म्हणाल्या. औषध संपल्यावर तीन महिन्यांत विषाणू परत आला. आता याच्यापुढे काही नाही, असं तेव्हा त्यांना सांगण्यात आलं.

त्याच २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफॉस्बुव्हिर या थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळीला मान्यता मिळाली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत इंटरफेरॉनची गरजच संपली. बाईंपर्यंत ही बातमी पोचायला नऊ वर्षं लागली, तीसुद्धा मोतीबिंदूच्या निमित्ताने. इंटरफेरॉनने बरे न झालेले असे रुग्ण जुन्या रजिस्टरांत नावानिशी असतात. त्यांना शोधून बोलावणं हे कुणाचंच काम नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

संसर्ग कुठून आला असावा हे विचारल्यावर मुलीनेच सांगितलं. १९८८ मध्ये बाईंच्या पहिल्या बाळंतपणानंतर, म्हणजे या मुलीच्याच जन्मानंतर, मोठा रक्तस्राव झाला आणि दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. तोवर रक्त दिल्यानंतर होणाऱ्या त्या काविळीला "ए नाही आणि बी नाही" एवढंच नाव होतं. रक्तपेढीने तपासायचं म्हटलं असतं तरी तपासणीच अस्तित्वात नव्हती. हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या शोधासाठी २०२० चं नोबेल मिळालं. त्या शोधाच्या एकच वर्ष आधी मिळालेलं रक्त बाई ३४ वर्षं अंगात वागवत होत्या. त्यांच्या धाकट्या मुलाचा जन्म नंतरचा, म्हणून त्याचीही तपासणी केली. आईकडून बाळाला हा आजार शंभरात पाचेक वेळा जातो. मुलगा आणि मुलगी दोघंही निगेटिव्ह निघाली.

बाईंच्या रक्तात विषाणूचा आरएनए २३ लाख आययू प्रति मिली होता, जनुकप्रकार ३. लिव्हरची एन्झाइम्स एएसटी ९६ आणि एएलटी ८८, प्लेटलेट १ लाख १८ हजार, बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.७, रक्त गोठण्याचा आयएनआर १.१. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही निगेटिव्ह. बी तपासल्याशिवाय सीची औषधं सुरू करायचीच नाहीत, कारण सी हटला की दबून बसलेला बी उसळू शकतो.

वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट या चारच आकड्यांवरून लिव्हरमधल्या व्रणांचा फिब-४ नावाचा अंदाज काढता येतो. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट आणि एएलटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. बाईंचा फिब-४ आला ५.०; तो ३.२५ च्या वर गेला की लिव्हरमधले व्रण बरेच पुढे गेलेत असं धरायचं. लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनवर १९.२ किलोपास्कल. म्हणजे सिरॉसिस, व्रणांनी कडक झालेलं लिव्हर, पण अजून काम निभावून नेणारं: पोटात पाणी नाही, भ्रम नाही, लिव्हर किती खचलंय ते सांगणाऱ्या चाइल्ड-प्यू श्रेणीत ए, म्हणजे सर्वांत बरी, गुण ५. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. सोनोग्राफीत गाठ नव्हती.

सोबतचे आजार म्हणून फाईलवर नोंद होती ती मधुमेहाची. औषधं : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, रोझुव्हास्टॅटिन १० मिग्रॅ. ही नोंद मी स्वतः केली होती. ती अपुरी होती.

एकच औषध का पुरत नाही

पुढचं समजायला इथे जरा थांबावं लागेल.

हिपॅटायटिस सीचा विषाणू म्हणजे सुमारे ९,६०० अक्षरांची आरएनएची एक पट्टी. लिव्हरच्या पेशीत शिरल्यावर तिच्यावरून एकच लांबलचक प्रथिन तयार होतं आणि ते कापून त्याचे दहा तुकडे होतात. या दहांपैकी तीन तुकड्यांवर आजची औषधं काम करतात. एनएस३ ही कात्री, जी ते लांब प्रथिन कापते. एनएस५बी हा नकलनवीस, जो आरएनएच्या प्रती काढतो. आणि एनएस५ए, ज्याच्या आधाराने प्रती काढण्याची आणि नवे विषाणू जुळवण्याची जागा उभी राहते.

हा नकलनवीस चुका करतो आणि केलेली चूक तपासत नाही. दर दहा हजार अक्षरांमागे साधारण एक चूक. म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रतीत कुठेतरी एक अक्षर बदललेलं. आता यात दुसरा आकडा मिळवा. एका रुग्णाच्या शरीरात दिवसाला दहाच्या बाराव्या घाताइतके, म्हणजे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात आणि रक्तात आलेल्यांपैकी निम्मे तीनेक तासांत नष्ट होतात. एवढ्या प्रती, प्रत्येकीत एखादी चूक. एका अक्षराने होऊ शकणारा प्रत्येक बदल त्या शरीरात रोज कुठे ना कुठे होऊन जातच असतो. औषध सुरू करायच्या आदल्या दिवशीसुद्धा.

एनएस५एवरची औषधं अतिशय तिखट आहेत. नखभर मात्रेत काम करतात, पहिल्या दोन-तीन दिवसांतच विषाणूची संख्या हजार पटींनी खाली आणतात. पण त्यांना चुकवायला विषाणूला बऱ्याचदा एकच अक्षर बदलावं लागतं. जनुकप्रकार ३ मध्ये बदनाम असलेला बदल म्हणजे वाय९३एच : एनएस५एच्या ९३ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन. तो झालेला विषाणू चांगला तगतो आणि औषध बंद केल्यावरही वर्षानुवर्षं टिकून राहतो.

सोफॉस्बुव्हिरचं उलट आहे. ते लिव्हरच्या पेशीत जाऊन आरएनएच्या एका अक्षराचं सोंग घेतं. नकलनवीस ते अक्षर समजून ओवतो आणि पट्टी तिथेच तुटते. याला चुकवणारा बदल विषाणू करू शकतो, पण तो केला की विषाणू इतका दुबळा होतो की त्याची पैदासच नीट होत नाही. म्हणून सोफॉस्बुव्हिरला पुरून उरलेले विषाणू क्वचितच दिसतात.

जोडी इथे जमते. वेल्पाटास्विर हे एनएस५एवरचं औषध झपाट्याने संख्या खाली आणतं, आणि त्यातून निसटलेल्यांना सोफॉस्बुव्हिर प्रती काढू देत नाही. दोघांना एकाच वेळी चुकवायचं तर एकाच प्रतीत दोन-तीन विशिष्ट चुका जुळून याव्या लागतील, आणि तरीही ती प्रत जगली पाहिजे. शिवाय हा विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरत नाही, आपल्या डीएनएत घर करत नाही. हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीसारखं त्याला लपायला तळघर नाही. बारा आठवडे प्रती निघू दिल्या नाहीत तर तो संपतो, कायमचा. दीर्घकाळ टिकलेला विषाणूचा आजार पूर्ण बरा होतो असं म्हणायची संधी वैद्यकात फार थोड्या ठिकाणी मिळते आणि म्हणूनच या औषधांबद्दल मला विलक्षण आदर आहे.

पण हे सगळं गणित दोन्ही औषधं पूर्ण मात्रेत रक्तात उतरतात असं धरून मांडलेलं आहे.

पहिली खेप

सोफॉस्बुव्हिर ४०० मिग्रॅ आणि वेल्पाटास्विर १०० मिग्रॅ, दोन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा, १२ आठवडे. २०१६ पासून ही गोळी सर्व जनुकप्रकारांवर वापरात आहे. जनुकप्रकार ३ च्या मुख्य चाचणीत तिने ९५ टक्के रुग्ण बरे झाले. सिरॉसिस असलेल्यांत ९१ टक्के. ज्यांच्यात सुरुवातीलाच वाय९३एच होता त्यांच्यात ८४ टक्के. बाईंना सिरॉसिस होता, इंटरफेरॉन आधी फसलेलं होतं. सोबत रिबाव्हिरिन द्यावं का, यावर आमच्यात चर्चा झाली. बदल शोधणारी जनुकीय तपासणी त्या वेळी हाताशी नव्हती आणि बाई रिबाव्हिरिनच्या नावानेच घाबरल्या होत्या. आम्ही ते दिलं नाही. आज तीच परिस्थिती पुन्हा आली तर मी बाईंना समजावून सांगण्यात आणखी अर्धा तास घालवीन.

बाईंनी गोळी एकही दिवस चुकवली नाही. मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज निळ्या पेनाने बरोबरची खूण केली होती. ८४ खुणा मी स्वतः पाहिल्या. चौथ्या आठवड्यात एएलटी ३१ वर आला, विषाणू मोजता येण्याच्या खाली गेला. बाराव्या आठवड्यात सापडलाच नाही. त्या दिवशी बाई खूश होत्या. मी मात्र त्यांना सांगितलं, "काकू, आज पास झालो असं धरायचं नाही. औषध थांबल्यावर बारा आठवड्यांनी परत बघायचं. तेव्हाही नसेल तर तुम्ही बऱ्या."

औषध थांबल्यावर बारा आठवड्यांनी आलेला रिपोर्ट : ८ लाख ४० हजार आययू. एएलटी ७४. जनुकप्रकार ३.

पिशवी

नवा संसर्ग झाला असेल का, हा पहिला प्रश्न. मधल्या काळात सुई, रक्त, दातांचं काम, डायलिसिस काहीच नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन तर लांबलेलंच होतं. म्हणजे जुनाच विषाणू परतला. गोळ्या खऱ्या होत्या का? आमच्याच औषधविभागातून दिलेल्या, त्याच बॅचचे इतर रुग्ण बरे झालेले. चुकवल्या का? ८४ खुणा.

मुलगी रडवेली झाली होती. "डॉक्टर, आईचं काय चुकलं?" असं तिने विचारलं. मी म्हणालो, चुकलं असेल तर आमचं. आणि बाईंना म्हटलं, "काकू, तुम्ही दिवसभरात जे जे तोंडात टाकता ते सगळं इथे काढून ठेवा."

त्यांनी कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. मधुमेहाच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, कॅल्शियम, गुडघ्याला लावायची ट्यूब, चष्म्याचं घर. आणि तळाशी, रबराने बांधलेल्या, कडा चुरगळलेल्या कॅप्सूलच्या तीन पट्ट्या. ओमेप्राझोल २० मिग्रॅ.

"ही कधीपासून?"

"ती होय? ती ॲसिडिटीची. झाली की सहा-सात वर्षं. गुडघ्याच्या गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायची तेव्हा सुरू केली. सकाळी एक, रात्री एक."

"तुम्ही मला सांगितली नाहीत."

"तुम्ही औषधं विचारलीत ना? ती काय औषधात धरायची!"

सकाळची कॅप्सूल कधी घेता, विचारलं. उठल्यावर, काही खाण्याआधी, लिव्हरच्या गोळीबरोबरच. दोन्ही एकदम घेतल्या की विसरायला होत नाही.

वेल्पाटास्विर विरघळायला पोटात आम्ल लागतं. आम्ल कमी झालं की ते न विरघळताच पुढे सरकतं आणि रक्तात कमी उतरतं. उपाशीपोटी २० मिग्रॅ ओमेप्राझोलबरोबर घेतलं तर रक्तातलं एकूण प्रमाण सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटतं. ४० मिग्रॅबरोबर निम्म्याहून जास्त. म्हणूनच सूचना अशी आहे की ओमेप्राझोल शक्यतो टाळावं. अगदीच लागलं तर सोफॉस्बुव्हिर-वेल्पाटास्विरची गोळी जेवणाबरोबर आधी घ्यावी आणि त्यानंतर चार तासांनी ओमेप्राझोल, २० मिग्रॅहून जास्त नाही. बाई बरोबर उलट करत होत्या आणि त्याला कारण होतं : कुणी सांगितलंच नव्हतं. सोफॉस्बुव्हिरवर आम्लाचा असा परिणाम होत नाही. म्हणजे ८४ दिवस जोडीतलं एक औषध पूर्ण आणि दुसरं अर्धमुर्ध, अशा अवस्थेत ती लढाई चालली होती.

एवढं सापडल्यावर सगळं खापर ओमेप्राझोलवर फोडायचा मोह होतो. तो आवरायला हवा. ॲसिडिटीची गोळी घेत असतानाही बहुतेक रुग्ण बरे होतातच. बाईंच्या बाबतीत सिरॉसिस, जनुकप्रकार ३, आधी फसलेला उपचार हे सगळं एकावर एक रचलेलं होतं. नंतर बाहेर पाठवून केलेल्या जनुकीय तपासणीत वाय९३एच सापडला. पण तो पहिल्यापासून होता की अर्ध्या मात्रेच्या छायेत वाढीस लागला, हे सांगायला उपचाराआधीचा रक्ताचा नमुना आम्ही जपून ठेवलेला नव्हता. माझं स्वतःचं मत असं की सिरॉसिसच्या रुग्णात निसटायला जागा आधीच थोडी जास्त असते. तिथे वेल्पाटास्विरचं प्रमाण निम्म्यावर येणं परवडत नाही.

दुसरी खेप

आता तिसरं औषध जोडायचं होतं. सोफॉस्बुव्हिर ४००, वेल्पाटास्विर १०० आणि व्हॉक्सिलाप्रेविर १०० मिग्रॅ एकाच गोळीत. २०१७ मध्ये मान्यता मिळालेली ही गोळी अशाच रुग्णांसाठी आहे. व्हॉक्सिलाप्रेविर कात्रीवर, म्हणजे एनएस३वर बसतं. तिथे वाय९३एचचा काही उपयोग नाही. एनएस५एचं औषध फसलेल्यांच्या चाचणीत या तिघांनी ९६ टक्के रुग्ण बरे झाले. सिरॉसिस नसलेल्यांत ९९, असलेल्यांत ९३. जनुकप्रकार ३ आणि सिरॉसिस दोन्ही असल्यामुळे या वेळी रिबाव्हिरिनही घ्यायचं ठरलं. बाईंचं वजन ६१ किलो, म्हणून दिवसाला १००० मिग्रॅ, दोन भागांत.

कात्रीवरची औषधं खचलेल्या लिव्हरला देत नाहीत. चाइल्ड-प्यू बी किंवा सी असेल तर ती धोक्याची. म्हणून आधी सगळं पुन्हा मोजलं. अजून ए, गुण ५. आणखी दोन वर्षं गेली असती तर कदाचित हा दरवाजा बंद झाला असता.

सुरू करायची घाई मात्र केली नाही. ओमेप्राझोल सहा-सात वर्षांनी एकदम बंद केलं की पोट सूड उगवल्यासारखं आम्ल बनवतं, दोनेक आठवडे आधीपेक्षा जास्त जळजळ होते आणि माणूस निमूट पुन्हा पट्टी फोडतो. आधी रात्रीची कॅप्सूल थांबवली, मग सकाळची दिवसाआड केली, मधल्या दिवसांत फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारं सौम्य औषध, मग तेही बंद. गुडघ्याच्या ज्या गोळ्यांपायी हे सुरू झालं त्या तर चार वर्षांपूर्वीच सुटल्या होत्या. या सगळ्याला चार आठवडे लागले. एवढ्या जुन्या आजारात चार आठवडे थांबल्याने काही बिघडत नाही.

पिशवीचा दुसरा फायदा रोझुव्हास्टॅटिनचा झाला. वेल्पाटास्विरबरोबर ते १० मिग्रॅपर्यंत चालतं. व्हॉक्सिलाप्रेविरबरोबर त्याचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. बारा आठवड्यांसाठी ते बंद ठेवलं. या औषधांच्या यादीत आणखी काही नावं कायम डोळ्यांपुढे ठेवावीत : क्षयरोगातलं रिफाम्पिसिन, फिट्सची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, जी सीच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण पार खाली आणतात, आणि हृदयाचं ॲमिओडॅरोन, ज्याच्याबरोबर सोफॉस्बुव्हिर घेतल्यावर नाडी धोकादायक मंदावल्याची उदाहरणं आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये सुरुवात झाली. गोळी जेवणाबरोबर, दुपारी. विषाणू तेव्हा ११ लाख २० हजार. डबीत रोजच्या गोळ्या मुलगी भरायची, म्हणून रिबाव्हिरिनबद्दल तिलाही सांगावं लागलं की गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ते हाताळू नये. तेव्हापासून ते काम धाकट्या मुलाने घेतलं.

मधले बारा आठवडे

रिबाव्हिरिन तांबड्या पेशी फोडतं. हिमोग्लोबिन १२.६ वरून चौथ्या आठवड्यात १०.१ आणि सहाव्यात ९.३ झालं. जिना चढताना धाप लागते, असं बाई म्हणाल्या. मात्रा ६०० मिग्रॅवर आणली. पुढे ते १०.४ वर स्थिरावलं. रक्त द्यावं लागलं नाही. रक्ताच्या बाटलीने सुरू झालेल्या या गोष्टीत तशी वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

त्याच सहाव्या आठवड्यात बिलिरुबिन २.३ आलं आणि आम्ही सगळे दचकलो. लिव्हर खचायला लागलं की काय? तसं असेल तर व्हॉक्सिलाप्रेविर त्याच दिवशी बंद करावं लागलं असतं. इथे घाईने बंद करणं आणि डोळे मिटून चालू ठेवणं, दोन्ही सारखंच धोक्याचं. बिलिरुबिनचे दोन भाग वेगळे मोजले. लिव्हर खचल्यावर वाढणारं थेट बिलिरुबिन फक्त ०.६; उरलेलं सगळं फुटलेल्या तांबड्या पेशींचं. अल्ब्युमिन ३.६, आयएनआर १.१, पोटात पाणी नाही, एएलटी २७. लिव्हर जागच्या जागी होतं. औषध चालू ठेवलं, आठवडाभराने पुन्हा तपासलं, रिबाव्हिरिन कमी केल्यावर बिलिरुबिनही उतरलं.

साखरेचं वेगळंच झालं. पाचव्या आठवड्यात एका पहाटे चार वाजता बाई घामाने डबडबून जागा झाल्या, हात थरथरत होते. मुलाने ग्लुकोमीटर लावला : ५८. साखर घातलेलं पाणी पाजल्यावर दहा मिनिटांत बरं वाटलं. हिपॅटायटिस सीचा विषाणू शरीराला इन्सुलिन जुमानू देत नाही. विषाणू हटला की तेच जुने डोस जास्त होतात. मधुमेहाच्या रुग्णाला हे पहिल्या दिवशीच सांगायचं असतं. आम्ही सांगितलं होतं, मीटर घरी होता, म्हणून निभावलं. ग्लिमेपिराइड बंद केलं, मेटफॉर्मिन ठेवलं. याच सुमाराला त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.४ आल्याचं कौतुकाने कळवलं. त्यांना फोन करून सांगावं लागलं की तांबड्या पेशी लवकर फुटत असताना हा आकडा खोटाच कमी येतो. औषधं संपून तीन महिने होईपर्यंत त्यावर विसंबू नका, मीटरवरच्या साखरेकडे बघा.

चौथ्या आठवड्यात विषाणू मोजण्याइतका नव्हता, पण खूण होती. आठव्यात सापडला नाही. बाराव्यात सापडला नाही. औषध थांबलं एप्रिलमध्ये.

नंतर

जुलैत बाई, मुलगी आणि मुलगा तिघंही रिपोर्ट घ्यायला आली. पाकीट बाईंनी स्वतः उघडलं नाही, माझ्या हातात दिलं. विषाणू सापडला नाही. मी दोनदा वाचलं आणि मग मोठ्याने वाचलं. बाई काही बोलल्या नाहीत, मुलीचा हात धरून बसून राहिल्या. इंटरफेरॉनच्या वेळी आणि गेल्या खेपेला याच टप्प्यावर दोनदा हातचं गेलं होतं. त्यांच्या समाधानासाठी आणखी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासलं. तेव्हाही नव्हता.

२०२४ च्या उन्हाळ्यात फायब्रोस्कॅन १३.८, प्लेटलेट १ लाख ३१ हजार, एएलटी २४. आकडे सुधारले, पण त्यातला काही भाग सूज उतरल्याचा असतो. सिरॉसिस गेला असं मी बाईंना सांगितलेलं नाही. लिव्हरच्या कर्करोगाचा धोका विषाणू गेल्यावर बराच घटतो, शून्य होत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच आहे. बरे झालेले रुग्ण नेमके इथे गळतात. "आता काय, बरी झाले ना" म्हणून येईनासे होतात. बाई गळलेल्या नाहीत, कारण मुलीच्या फोनमध्ये तारखा आहेत.

आमच्या विभागात आता पहिल्या भेटीच्या कागदावर "कोणती औषधं घेता?" हा प्रश्न नाही. त्याऐवजी सगळी पिशवी आणायला सांगतो आणि टेबलावर ओतून घेतो, नर्ससमोर. ॲसिडिटी, बद्धकोष्ठ, झोप, सांधे, ताकद, काढा, यातलं काही घेता का, असं एकेक नाव घेऊन विचारतो. उपचाराआधीच्या रक्ताचा एक छोटा नमुना गोठवून ठेवतो. आणि औषध संपल्यानंतरच्या बाराव्या आठवड्याची तारीख पहिल्याच दिवशी देतो.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी ठरलं. तपासणीत पुन्हा "अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह" आलं आणि ऑपरेशन पुन्हा पुढे ढकलण्याची भाषा सुरू झाली. अँटीबॉडी म्हणजे शरीराची आठवण; विषाणू गेला तरी ती रक्तात राहते, बहुतेकांत जन्मभर. मुलीचा फोन आला तेव्हा मी लेटरहेडवर चार ओळी लिहून पाठवल्या : यांचा हिपॅटायटिस सी बरा झाला आहे. अँटीबॉडी पॉझिटिव्हच येईल. खात्री हवी असल्यास आरएनए तपासावा. ऑपरेशनला या कारणाने हरकत नाही. बाईंनी त्या कागदाच्या दोन प्रती लॅमिनेट करून घेतल्या आहेत. दुसरा डोळा झाला. पुढची सोनोग्राफी नोव्हेंबरात आहे.